लाल दोरी, हिरवी दोरी

सरफराज पहिल्यांदा आमच्या दुकानात आला तो दोनशे पिशव्या शिवून घ्यायला. जाड मांजरपाटाच्या, वीतभर रुंद, तोंडाला ओढायची दोरी. गडचिरोलीच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत अब्बांचं टेलरिंगचं दुकान होतं. गुलाम रसूल मास्टर म्हटलं की कोणीही पत्ता सांगायचं. अब्बा पँटी शिवायचे. ब्लाउज, फॉल, पिको माझ्याकडे. दोन हजार एक सालचा डिसेंबर होता. मी बावीस वर्षांची होते आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे न बघता माप लिहून घेण्यात पटाईत होते. त्या दिवशी मात्र बघितलं.

"इतक्या पिशव्या... किराणा दुकान टाकून राह्यले का?" मी विचारलं.

"माती भरायची आहे जी."

"माती कोण विकत घेते?"

"कोणीच नाई. मी तर तिचं नाव शोधून राह्यलो."

आणि तो हसला. हसताना मान जरा डावीकडे झुकवायचा, अजूनही झुकवतो. नागपूरहून चालणाऱ्या मातीच्या एका सर्वेक्षणात तो दुसऱ्या वर्षीही कंत्राटावर होता. जिल्हाभर माणूसभर खोल खड्डे खणायचे, थराथराची माती काढायची आणि कुठली जमीन बिघडायच्या वाटेवर आहे ते नकाशावर मांडायचं. वरच्या थराच्या पिशवीला लाल दोरी, खालच्या थराच्या पिशवीला हिरवी. मी दोन्ही रंगांची बंडलं समोर ठेवली आणि विचारलं, "लाल कोणती लावू? जाड की बारीक?"

त्यानं हिरवं बंडल उचललं. "ही लाल बरी आहे."

मला वाटलं, मस्करी करतोय. आमच्या गल्लीत पोरं बोलणं वाढवायला असलं काहीबाही काढायचीच. "चष्मा लावून येत जा," मी म्हटलं. त्याचे कान लाल झालेले मला काउंटरच्या अलीकडून दिसले. तो तसाच निघून गेला, आणि मी दिवसभर उगाच खुशीत होते.

पंधरा दिवसांनी तो भरलेल्या पिशव्या आणि एक जाडजूड पुस्तक घेऊन आला. पुस्तकात एकही ओळ वाचण्यासारखी नव्हती, पानापानावर रंगांचे चौकोनी तुकडे आणि शेजारी गोल भोकं. मातीचं ओलं ढेकूळ भोकामागे धरायचं आणि कोणत्या तुकड्याशी जुळतं ते लिहायचं.

"तुम्ही कापडाले धागा जुळवता ना?" तो म्हणाला. "मंग हे तर तुमच्या डाव्या हातचं काम."

मी ढेकूळ घेऊन दारात गेले. ट्यूबलाइटच्या उजेडात रीळ जुळवत नाहीत, हे मला अब्बांनी दहाव्या वर्षीच शिकवलं होतं. मग मी एकेक रंग सांगत गेले आणि तो लिहीत गेला. एरवी एका पिशवीवर तो पंधरा मिनिटं घालवायचा म्हणे, मी दोन मिनिटांत उरकत होते.

मग हे दर शनिवारचं झालं. एटापल्लीकडून त्याची जीप यायची, अब्बा मशीनवरून मान वर न करता म्हणायचे, "तहसीन, मातीवाले आले," आणि मी आधीच घातलेलं काजळ आरशात एकदा तपासायची.

"नाव शोधून करता काय?" एकदा मी विचारलं.

"आपल्या इथी म्हणते मोरांड, म्हणते बरडी. दुसऱ्या मुलखात त्याच मातीले आणखी काही. कोणाचं कोणाले समजत नाई. म्हणून साऱ्या जगानं मिळून एक यादी केली. नाव बरोबर जुळलं का तिची पुढची चाल समजते. कोणती पावसात वाहून जाईल, कोणती टिकेल..."

"माणसांची नाही का अशी यादी?"

"असती तर पहिले तुमचं पान उघडलं असतं."

मी ढेकूळ त्याच्या हातावर जरा जोरातच ठेवलं.

माघात एका दुपारी अवचित पाऊस आला. पिशव्या भिजायला नको म्हणून त्यानं सगळ्या आत आणल्या आणि दुकानभर ओल्या मातीचा वास झाला. अब्बा नमाजला गेले होते. खालानं, माझ्या मावशीनं, चंद्रपूरहून आणलेली लालभडक ओढणी मी त्याच दिवसासाठी ठेवली होती. त्यानं दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं, मग धीर करून म्हणाला, "एक बोलू? हिरवा रंग... लई शोभून दिसते तुमाले."

मी ओढणीकडे बघितलं. मग भिंतीला लटकलेल्या दोरीच्या बंडलांकडे बघितलं.

"ही लाल आहे," मी म्हटलं.

बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. त्यानं पुस्तकाची कडा नखानं खरवडली. "माजरीत वाढलो मी," तो म्हणाला. "बाप कोळशाच्या खाणीत. वाळत घातलेले कपडे बी काळे होते तिकडं, रंग चुकला तरी कोणाच्या ध्यानात येत नाई. लाल अन् हिरवा मले एकच दिसते. कंत्राटाच्या नोकरीत डोळे कोणी तपासले नाई... अन् मी सांगितलं नाई."

"म्हणजे दोन महिने तुम्ही येत होता ते रंगासाठी?" मला भयंकर राग आला होता, आणि रागाच्या खाली रडू.

"सुरुवातीले रंगासाठीच."

"आणि मग?"

"मंग... दोन शनिवारी पुस्तक जीपमध्येच राह्यलं, मी तसाच आलो, बसलो, चहा पिऊन गेलो. ध्यानात आलं नाई तुमच्या?"

आलं होतं. मला वाटलं होतं, विसराळू आहे.

त्यानं पुढचंही सांगून टाकलं. एप्रिलपासून त्याची नोकरी तीन वर्षांसाठी वाढणार होती, साहेबांनी शब्द दिला होता. बकरी ईदनंतर त्याच्या घरचे अब्बांकडे येणार होते. अब्बांची अट साऱ्या गल्लीला ठाऊक होती, पोरीला नोकरीवाला मुलगा. सगळं कसं मापात बसत होतं! मीच घोळ घातला. मीच विचारलं, "मागच्या वर्षी रंग कोण सांगत होतं तुम्हाला?"

"कोणीच नाई. अंदाजानं लिहिले. एक्केचाळीस खड्डे." त्यानं पुस्तक मिटलं. "बाकीचे मी दुसऱ्या खुणांवरून निभावून नेले. एक खड्डा झोप लागू देत नाई."

मार्चच्या पहिल्या सोमवारी, दुकान बंद असताना, आम्ही जीपनं निघालो. अब्बांशिवाय मी जाणं शक्यच नव्हतं, म्हणून अब्बाही चहाचा थर्मास घेऊन बसले. एटापल्लीच्या पुढे एका टोल्यावरच्या, म्हणजे लहानशा वस्तीजवळच्या, उतारावर त्यानं तो जुना खड्डा परत उकरून घेतला होता. मोहाची फुलं पडायला लागली होती. उताराच्या कडेला राहणारी सोमारीबाई ती टोपलीत वेचत होती.

मी ओढणी कमरेला खोचली आणि खड्ड्यात उतरले. वरची वीतभर माती साधी, तांबूस. तिच्याखाली राखाडी, आणि त्या राखाडीत सगळीकडे लाल ठिपके, कापडावर मेंदीचे शिंतोडे उडावेत तसे. मी बोट ठेवून एकेक दाखवत गेले. सरफराज माझ्या बोटाकडे बघत होता, ठिपक्यांकडे बघून त्याला काही कळणारच नव्हतं.

"मले हे सारं एकसारखं दिसलं होतं," तो हळूच म्हणाला. "चांगली माती, झाडं काढून शेती करता येते, असं लिहून देलं मी."

"अन् मी मागच्या सालीच तुले सांगत होती बापू," सोमारीबाई वरून म्हणाली. "वरची माती गेली का खालची ऊन खाते अन् गोटा होते. माया सासऱ्यानं याच मातीची भिंत घातली, पाहून घे." तिच्या घराची ती बुटकी भिंत मी हातानं ठोकून पाहिली. दगडच होता. झाडं काढली असती तर चार पावसाळ्यांत सगळा उतार तसा झाला असता, आणि तो परत माती होत नाही.

जगाच्या यादीत त्या मातीचं नाव होतं, धोक्यासकट. फक्त लाल ठिपके दिसायला हवे होते.

अब्बा मोहाखाली थर्मास उघडत होते. सरफराज खड्ड्याच्या काठावर बसला. "एकतीस मार्चले नकाशा पक्का होते. हे बदलायचं तर काऊन बदललं ते सांगा लागन. डोळ्याचं निघन. नोकरी जाईन... अन् मंग तुमचे अब्बा..."

मला सोमारीबाईची भिंत दिसत होती आणि त्याचा उतरलेला चेहराही. खोटं कशाला बोलू, एक क्षण मला वाटलं, राहू दे. एका उतारासाठी माझंच लग्न का मोडावं? मग सोमारीबाईनं ओंजळभर मोहाची फुलं आणून माझ्या ओढणीत टाकली, घरी आलेल्या लेकीला द्यावीत तशी, आणि माझी मान खाली गेली.

"लिहा," मी म्हटलं. "सगळं लिहा. अब्बांना मी सांगते."

सांगितलं. त्याच संध्याकाळी, फुलं सुपात पसरताना, सुरुवातीच्या दोरीपासून सगळं. अब्बा हातातला टेप गुंडाळत राहिले. पुढचे चार शनिवार जीप आली नाही. अब्बा मात्र दर शनिवारी उगाच दारात जाऊन उभे राहायचे.

एप्रिलमध्ये तो एसटीनं आला, हातात पुस्तक नव्हतं. तो सारा उतार नकाशावर धोक्याचा म्हणून रंगला होता आणि तिथली झाडं राहिली होती. नोकरी गेली होती. आता मी कोणत्या तोंडानं मागणी घालू, असं काहीसं तो अब्बांना सांगायला लागला, तर अब्बांनी त्याला हातानंच थांबवलं.

"पस्तीस वर्षं शिवून राह्यलो मी," ते म्हणाले. "वाकडी शिवण पडली का कारागीर वरून इस्त्री मारते, गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालते. स्वतःहून उसवणारा मले एकच भेटला. बस इथी. काजं करता येते का?"

पुढचं वर्षभर तो आमच्याकडे काजं करत होता, फक्त पांढऱ्या शर्टांची. नंतर चामोर्शीच्या शाळेत भूगोल शिकवायला लागला. मधल्या काळात, दोन हजार दोनच्या डिसेंबरात, आमचा निकाह झाला.

मी लाल शरारा घातला होता, स्वतः शिवलेला. सगळे पांगल्यावर तो शेजारी येऊन बसला, मान डावीकडे झुकवून बघत राहिला आणि म्हणाला, "हिरवा रंग... लई शोभून दिसते तुले."

मातीच्या बाबतीत त्याची एकही चूक मी कधी राहू दिली नाही. ही तेवढी राहू दिली.