आपापला ठोका

हे वाचून तुम्ही मला वेड्यात काढाल. खुशाल काढा. घरच्यांनी आधीच काढलंय, त्यात तुमची भर.

पण जे लिहितेय ते घडलंय. माझ्यासमोर घडलंय आणि माझ्यामुळे घडलंय. तारीख सतरा फेब्रुवारी, वार मंगळवार. वेळ दुपारी तीन वाजून वीस मिनिटं. लख्ख ऊन होतं. अंधारी रात्र नाही, वादळ नाही, कुत्र्याचं रडणं नाही. त्यामुळेच कोणी विश्वास ठेवत नाही.

आधी माझ्या स्वभावाबद्दल सांगते, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते. वेळापत्रक मी बनवते. बत्तीस वर्ग, एक्केचाळीस शिक्षक, आणि एकाचाही तास दुसऱ्यावर चढत नाही. उशीर मला सहन होत नाही. मीटिंगला कोणी रेंगाळत येताना दिसलं, की मी त्याच्या नावापुढे आधीच हजेरीची खूण करून मोकळी होते. येतोच आहे ना? मग त्याच्यासाठी कशाला थांबायचं?

दादा मला ‘हेडमास्तरीण’ म्हणतो.

म्हणायचा.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. नकाशे काढायच्या खात्यात त्याची उभी हयात गेली. आमच्या शहरापासून अडीच तासांवर कोरीव खडकांचं एक खोरं आहे. हजारो वर्षांपूर्वी माणसांनी अख्खे डोंगर आतून पोखरून दालनं केलीत. खांब, जिने, कमानी, सगळं एकाच दगडात. त्या खोऱ्याचा सरकारी नकाशा दादाने काढलाय. मोजणीची माणसं आकडे आणून द्यायची, दादा टेबलावर वाकून रेघा ओढायचा. कुठल्या दालनात किती खांब, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल.

पण स्वतः तिथे कधी गेला नाही. रिटायर झालो की जाऊ, थोडं ऊन उतरलं की जाऊ... असं करत राहिला. मग डोळे जायला लागले.

डोळ्याचा पडदा मधोमध झिजत चालला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. माझ्याशी बोलताना तो माझ्या कानाकडे बघायचा. तोंडाकडे बघितलं की तोंडच पुसलं जातं म्हणायचा. डॉक्टरांनी हात टेकले. म्हणाले, वर्ष संपेपर्यंत जे बघायचंय ते बघून घ्या.

म्हणून मी एका दिवसाची टूर बुक केली. खास आमच्या दोघांपुरती. स्वतंत्र गाडी, स्वतंत्र गाइड. वहिनीचे गुडघे साथ देत नाहीत, ती घरीच राहिली. निघताना दारात मला म्हणाली, “ताई, यांचा हात सोडू नका हं.”

मी हो म्हटलं. मनात मात्र वेळेचा हिशोब चालू होता. सात दालनं, प्रत्येकी अर्धा तास, मध्ये जेवण, सहाला परत.

आणि आमच्या नशिबी आला तो गाइड!

साठीचा, काटकुळा, हातात लोखंडी टोकाची काठी. गाडी तोच चालवत होता, आणि मोकळ्या रस्त्यावर चाळीसच्या वर जायला तयार नव्हता. मी मनातल्या मनात त्याचं नाव गोगलगाय ठेवलं. दादाच्या कानात सांगितलं तर तो पोट धरून हसला.

पहिल्या दालनापाशी गोगलगायीने आम्हाला उभं केलं. दाराला जाळीचा लोखंडी दरवाजा. त्याने आमच्या हातात एकेक गोटा दिला, मुठीत मावेल एवढा.

“आत मोठ्याने बोलायचं नाही. हाका मारायच्या नाहीत. बाहेर येताना या चौकटीवर गोटा आपटायचा. प्रत्येकाने एकदाच. मी दाराकडे पाठ करून ठोके मोजतो. दोन आत, दोन बाहेर. मग जाळी लावतो.”

“पाठ करून कशाला?” मी म्हटलं. “बघून मोजा की. दोनच तर माणसं आहोत.”

“नाही बाई. कानानेच मोजायचं.”

“पण का?”

“माझ्या आधीच्याने असंच शिकवलंय.”

“आणि त्याला?”

“त्याच्या आधीच्याने.” एवढं बोलून तो वळला. मग पुन्हा थांबला. “आपापला ठोका आपणच द्यायचा. बाकी काही नाही पाळलंत तरी एवढं पाळा.”

माझं डोकंच फिरलं. पैसे आम्ही मोजायचे आणि नियम याचे!

दुपारपर्यंत माझ्या वेळापत्रकाचा पार बोजवारा उडाला. गोगलगाय प्रत्येक जिन्यावर थांबे. दादा प्रत्येक खांबाला दोन्ही तळहात लावून उभा राही. मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेने त्या दगडाकडे बघत राही. “हा बघ, हा तो जाड खांब. मोजणीवाल्यांची चूक वाटली होती मला...” त्याचा आवाज भरून यायचा. आणि मी? मी घड्याळ बघत होते. आता स्वतःचीच लाज वाटते.

तीन वाजले तेव्हा आम्ही सहाव्या दालनात असायला हवं होतं.

आम्ही चौथ्याच्या दारात होतो.

ते दालन सगळ्यांत खोल. दारातला उजेड खांबांच्या तिसऱ्या रांगेपर्यंत पोचत होता. पुढे काळोख.

“बावीस खांब,” दादा कुजबुजला. “माझ्या हातचे.”

तो डाव्या भिंतीने चाचपडत निघाला. मी मधोमध उभी राहिले. दगडावरून हात फिरल्याचा आवाज येत होता. कोरडा, सावकाश...

खर्र... खर्र...

थोडा वेळ गेला. मग माझ्या लक्षात आलं.

आवाज उजवीकडून येत होता.

मी मोबाइलची बॅटरी लावली. आवाज थांबला. उजवीकडे नुसते खांब. डावीकडे दादा, एका खांबाला टेकून, बोटांवर मोजत.

घुमत असेल, मी स्वतःला समजावलं. पोकळ जागेत आवाज कुठूनही येतो.

“दादा, चल आता. तीन दालनं राहिलीत.”

“अगं थांब... तेवीस भरतायत.”

“एखादा दोनदा मोजला असशील.”

“मी नकाशात चुकत नाही, हेडमास्तरीण. तू हो पुढे. मी शेवटून मोजत आलोच.”

मला चीड आली. खरंच सांगते, इतकी चीड आली की रडूच यायचं बाकी होतं. मी त्याला आत सोडून दाराकडे निघाले.

माझ्यामागे पावलं वाजायला लागली.

दोन-तीन हात अंतर ठेवून. माझ्या चालीने. मी थबकले की तीही थबकायची. चला, ऐकलं एकदाचं, म्हणून मी वळूनही बघितलं नाही.

चौकटीपाशी आले. गोटा आपटला. ठक.

बाहेरचं ऊन डोळ्यांवर आलं. गोगलगाय पाठमोरा उभा. पावलं अजून मागेच, रेंगाळणारी. म्हटलं, आता हा चौकट शोधणार, चाचपडणार, यात पाच मिनिटं जाणार. येतोच आहे ना?

मी पुन्हा गोटा आपटला. त्याच्या वाटचा.

ठक.

“दोन,” गोगलगाय म्हणाला. वळला, आणि जाळी लावून घेतली.

आतली पावलं थांबली... अगदी जाळीला लागून.

पण जाळीपलीकडे कोणी नव्हतं.

“अहो! दादा आत आहे!”

“दोन ठोके आले.”

“दुसरा मीच दिला. वेळ वाचावा म्हणून.”

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मलाही उलट ओरडता आलं असतं. तो खाली पायरीवर बसला. मग उठून जाळी उघडली.

आणि आतून आवाज आला.

ठक.

दादा बाहेर आला. भर उन्हात आला, पण डोळे मिचकावले नाहीत. हाताने चाचपडला नाही. पायरी नीट उतरला, माझ्यासमोर उभा राहिला, आणि...

थेट माझ्या तोंडाकडे बघितलं.

“चल. उशीर होतोय ना तुला?”

गोगलगायीने हात पुढे केला. “गोटा?”

“आत राहिला,” दादा म्हणाला. दोन्ही हात मोकळे होते.

मग चौकटीवर काय वाजलं, हे तेव्हा मी विचारलं नाही. गोगलगाय जाळी पुन्हा लावून बराच वेळ तिला कान लावून उभा होता. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “बाई, मी एकदा आत जाऊन बघून येतो.”

“गोट्यासाठी? अहो, आधीच उशीर झालाय.”

“गोट्यासाठी नाही.”

“राहू द्या हो! चला!”

हे मी म्हणाले. त्याने विचारलं होतं, आणि मी हे म्हणाले.

उरलेली तीन दालनं दादाला बघायची नव्हती. आयुष्यभर ज्याचा ध्यास घेतला, ते अर्ध्यावर टाकून म्हणाला, “पुरे झालं, घरी जाऊ.” परतीच्या रस्त्यात गोगलगायीने समोरचा आरसा वर फिरवून ठेवला होता, मागचं दिसू नये असा. अर्ध्या तासाने दादाने लांबची एक पाटी वाचली. अक्षर न् अक्षर, सहज. मला तर मोबाइलवर फोटो काढून मोठी करावी लागली असती.

मी रडले. आनंदाने रडले हो! खोटं कशाला बोलू? घरी वहिनीने त्याच्यासमोर बोटं धरली, त्याने बरोबर सांगितली. ती तिथेच खुर्चीत कोसळल्यासारखी बसली आणि हसत सुटली.

डॉक्टर मात्र वैतागले. पडद्याचे जुने आणि नवे फोटो शेजारी ठेवून मला म्हणाले, “घाईघाईत तुम्ही दुसऱ्याच कोणाची फाइल उचलून आणलीत.”

मी तीच फाइल नेली होती.

मग एकेक गोष्ट खटकायला लागली. तो सगळ्यांना ओळखतो, सगळं आठवतं, वहिनीशी पूर्वीपेक्षा गोड बोलतो. पण त्या दिवसापासून मला एकदाही हेडमास्तरीण म्हणाला नाही. माझं पूर्ण नाव घेऊन हाक मारतो, घरात कोणीच घेत नाही तसं. एकदा मी मुद्दाम विचारलं, चौथ्या दालनात खांब किती?

“असतील वीसेक,” तो म्हणाला आणि पेपर वाचत बसला.

मी त्या रात्री झोपले नाही. सकाळी गोगलगायीला फोन लावला.

“इतके दिवस लागले तुम्हाला?” तो म्हणाला.

“तुम्हाला माहीत होतं तर तुम्ही बोलला का नाहीत?”

“विचारलं होतं बाई मी.”

मग तोच सांगू लागला. चौथं दालन दुरुस्तीसाठी बंद झालंय, किल्ली खोऱ्याच्या सरकारी कार्यालयाने काढून घेतली. तो रोज संध्याकाळी जाळीला कान लावून उभा राहतो.

“आत कोणीतरी मोजतंय... हळू आवाजात. बावीसपर्यंत येतं. मग थांबतं. पुन्हा पहिल्यापासून.”

मी कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि अर्ज करा म्हणाल्या. केला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, ‘नोंदीनुसार आत गेलेले दोन, बाहेर आलेले दोन. सबब विनंती अमान्य.’ दुसऱ्यांदा केला तर नमुना चुकीचा म्हणून परत. वहिनीला सांगायला गेले तर तिने माझा हात धरून समजावलं, ताई, तुम्ही थकलाय, चार दिवस सुट्टी घ्या. माणूस समोर सोफ्यावर बसलेला, तो हरवलाय असं कोणाला आणि कसं पटवायचं? भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं.

गेल्या रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. दुपारी सगळं आवरल्यावर टेबलाशी बसून मी तिसरा अर्ज भरत होते. ‘कारण’ या रकान्यात लिहिलं, ‘माझे भाऊ आत राहिले आहेत.’

मागे कोणी आलेलं मला कळलं नाही. पावलं वाजलीच नाहीत.

“माझे भाऊ आत राहिले आहेत,” खांद्यावरून वाचल्याचा आवाज आला. बारीक अक्षर, तरी सरळ वाचलं.

मला मान वळवता येईना.

“पाठवू नकोस,” तो अगदी मायेने म्हणाला. “तुझ्या वहिनीला आता कुठे शांत झोप लागायला लागलीय.”

आतल्या खोलीत वहिनी झोपली होती. तीन वर्षांत पहिल्यांदा ती दुपारची डोळा लावायला लागली होती. आधी दादा कुठे धडपडेल या काळजीने ती टक्क जागी असायची.

अर्ज माझ्या पर्समध्ये आहे. रोज सकाळी पाठवायचा ठरवते. आणि रोज, शाळेत पोचायच्या आत वहिनीचा फोन येतो. आज यांनी काय काय वाचलं, ते ती हसत हसत मला सांगत असते.