मदत कक्षातला राखाडी कोट

एका खांद्यावर पर्स अडकवून मी दिवा बंद करायला हात वर नेला, आणि नेमका तेव्हाच तो दारात उभा राहिला.

"मॅडम, इथे कोट मिळतो म्हणे… मुलाखतीसाठी?"

आमच्या कॉलेजच्या मदत कक्षात सगळंच मिळतं — जुनी पुस्तकं, जादा शिकवणी, मुलाखतीचे कपडे, रडायला खुर्ची. ज्यांच्या घरात कॉलेजचं तोंड कुणी पाहिलेलं नाही, ते आमच्याकडे येतात. ऐकून घ्यायला मात्र मी एकटी. संध्याकाळी जीव मेटाकुटीला आलेला असतो, आणि घरी आईचं पथ्यपाणी वाट बघत असतं.

तरी मी कपाट उघडलं. तो तिशीतला, दिवसा गोदामात ओझी उचलणारा, संध्याकाळी आमच्याच कॉलेजात एसी दुरुस्ती शिकणारा. त्या रुंद खांद्यांना एक राखाडी कोट तेवढा बसला. बाही आखूड होती. दुमड उसवून मी टाके घालायला बसले.

"तुम्ही दमलाय," तो हळूच म्हणाला.

"आणि तुम्ही?"

"मीही. पण कुणी विचारलं तर नाही म्हणतो."

मला हसू आलं. दिवसभरात पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी कोट परत आला. "कळवतो म्हणाले," एवढंच तो बोलला. पुढच्या मुलाखतीला पुन्हा तोच कोट, आणि या वेळी सोबत दोन कप चहा.

"एक बटण लावायला इतका वेळ, मॅडम?"

"डोळे मिटतायत माझे."

"मग सावकाश लावा… मला कुठे घाई आहे?"

बटण केव्हाच पक्कं बसलं होतं. मी उगाच दोरा गुंडाळत राहिले.

या खेपेला कोट परत आला तेव्हा मी तो उलगडून पाहिला. माझ्या इस्त्रीची घडीसुद्धा मोडली नव्हती.

"घातलाच नाहीत तुम्ही!"

तो खाली बघत म्हणाला, "त्या काचेच्या दारापाशी पोचलो की पाय उचलत नाहीत. आमच्यात कुणी अशा ऑफिसात खुर्चीवर बसलेलंच नाही हो… आपण परत पाठवले जाणार, असंच वाटतं. दोन्ही वेळा तिथूनच फिरलो."

माझं डोकंच फिरलं. "आणि मी इथे पेंगत पेंगत टाके घालते, ते कशाला?"

"परवा अजून एक आहे," तो पुटपुटला. "शेवटची. नाही जमलं तर गोदाम आहेच."

"मी येते सोबत." बोलून गेले, आणि मग कळलं काय बोलले ते.

मुलाखतीच्या दिवशी अर्धी रजा टाकली. त्या ऑफिसच्या फाटकाशी त्याची कॉलर सारखी केली… हात जरा जास्तच वेळ तिथे राहिला.

"जा आता."

तो काचेचं दार ढकलून आत गेला. मी समोरच्या बाकावर टेकले. नोकरी लागली की माणसं आमच्या खोलीकडे फिरकत नाहीत, आणि तसंच व्हायला हवं. या एकाने मात्र फिरकावं, असं मला फार वाटत होतं. विचार करता करता कधी डोळा लागला, कळलंच नाही.

जाग आली तेव्हा राखाडी कोट माझ्या अंगावर होता. तो शेजारी नुसत्या शर्टात बसला होता.

"मिळाली?"

"सोमवारपासून."

आनंद झाला, आणि आता हा फिरकणार नाही, हेही आठवलं.

"मग मला उठवायचं ना!"

"इतकं शांत कधी पाहिलं नव्हतं तुम्हाला."

"बरं… कोट ठेवते कपाटात. आता तुम्हाला काय लागणार आमचं?"

"कोट नको," तो म्हणाला. "तुम्ही हव्या आहात. दिवसभर तुम्ही सगळ्यांचं ऐकता… संध्याकाळी तुमचं मी ऐकेन. चालेल?"

उठून, नीट त्याच्याकडे बघून उत्तर द्यावं असं मनात होतं. पण झोप अजून उतरली नव्हती. मी बसल्या बसल्याच हो म्हटलं, कोट अंगाभोवती ओढून घेतला आणि त्याच्या खांद्यावर पुन्हा डोळे मिटले.