एक फेरी आधी

सायकलच्या साखळीने उतरायला वेळ तरी कोणती निवडावी? ऐन स्पर्धेची सकाळ, हेरेनवेनचा कालवा, समोरून वारा आणि वरून धड पाऊस नाही, धड बर्फ नाही अशी भुरभुर! मी सायकल उलटी करून, बोटं काळी करून घेत तिला मनापासून शिव्या घालत होते. तेवढ्यात मागून घणघण घंटा वाजली. सायकलची नव्हे, चांगली मोठी, चर्चमध्ये शोभेल अशी.

"सरका, सरका… माझे ब्रेक जरा…"

मी सरकले. एक लांबलचक मुलगा माझ्यापुढे जाऊन कसाबसा थांबला. त्याच्या सायकलच्या पुढच्या खोक्यात ही एवढी पितळी घंटा! खड्डा आला की ती आपोआप वाजत होती आणि तो आपोआप लाजत होता.

"हे काय घेऊन निघालायस?" मी विचारलं.

"घंटा."

"ते दिसतंय मला. गायी कुठे आहेत?"

"गायी घरी," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "ही शेवटच्या फेरीची. दरवर्षी बाबा वाजवतात, पण त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. म्हणून गावच्या क्लबने मला पाठवलंय. पहिल्यांदाच." मग माझ्या पाठीवरच्या स्केटच्या पिशवीकडे त्याचं लक्ष गेलं आणि त्याचे कान लाल झाले. "तू… तू हिस्के ना?"

"आधी साखळी बसव. सही नंतर देते."

"सही कोण मागतंय?" तो खाली बसला, एका झटक्यात साखळी चढवली आणि तसाच वर बघत हसला. पापण्यांवर पाण्याचे थेंब होते मेल्याच्या. "आज मीच तुला पळवणार आहे. माझी घंटा ऐकलीस ना, की समज मी म्हणतोय… एकच फेरी उरली, हिस्के. आता सूट!"

"नाव काय तुझं?"

"वोब्बे."

"बरं, वोब्बे. बघू कशी वाजवतोस ते."

बघितलं. सगळ्या हॉलने बघितलं.

पण आधी माझं काय पणाला लागलं होतं ते सांगते. स्केटिंगची अष्टपैलू स्पर्धा म्हणजे बंदिस्त हॉलमधल्या बर्फावर दोन दिवसांत चार शर्यती. पुरुषांच्या वेगळ्या, आम्हा बायकांच्या वेगळ्या. पहिल्या तिन्हींतले गुण धरून पहिल्या आठ जणीच शेवटची पाच हजार मीटर धावतात. बाकीच्यांनी बॅग भरायची. आणि मी मुळात पाच हजारचीच बाई. छोट्या अंतरात माझं इंजिन तापेपर्यंत शर्यत संपते. आमचे प्रशिक्षक बाउके गोड बोलण्यासाठी कधीच प्रसिद्ध नव्हते. त्यांनी सरळ सांगितलं होतं, "आठात ये आणि पाच हजारमध्ये काहीतरी करून दाखव, पोरी. नाहीतर पुढच्या हिवाळ्यात संघातली तुझी जागा दुसरीला."

शनिवारी पाचशे मीटर बऱ्यापैकी गेली. दुपारी तीन हजार. बर्फावर एका वेळी दोघीच उतरतात. माझ्या जोडीला नॉर्वेची एक मुलगी होती, ती केव्हाच मागे पडली. माझे पाय छान चालले होते. लोक ओरडत होते, वाद्यवाले तुतारी फुंकत होते, आणि अंतिम रेषेपाशी पिवळं जाकीट घातलेला, घंटेची दोरी हातात धरलेला वोब्बे. एकदा, फक्त एकदाच, वळणावरून बाहेर पडताना मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता.

घणघणघण!

झालं! एकच फेरी उरली, हिस्के, आता सूट. मी सुटले. होतं नव्हतं ते सगळं त्या फेरीत ओतलं, रेषा ओलांडली, डोक्यावरचं हूड मागे ओढलं आणि हात गुडघ्यांवर टेकून घसरत राहिले. शर्यत संपल्यावर आम्ही सगळ्याच असं करतो. केस मोकळे, तोंडावर हसू…

"अजून एक!" पलीकडच्या सरळ पट्ट्यावरून बाउके उड्या मारत होते. "अगं बये, अजून एक फेरी आहे! पळ!"

पुन्हा सुरुवात केली. पण पायांत काही शिल्लकच नव्हतं. केस डोळ्यांत येत होते आणि नॉर्वेची ती मुलगी माझ्या शेजारून निवांत पुढे निघून गेली. तिने घंटेऐवजी तिच्या प्रशिक्षकाच्या, उरलेल्या फेऱ्या दाखवणाऱ्या पाटीवर विश्वास ठेवला होता. शहाणी.

संध्याकाळी फळ्यावर माझं नाव अकरावं होतं. मुख्य पंच बाई भल्या, त्यांनी पुन्हा धावायची परवानगी देऊ केली. "अर्ध्या तासात?" बाउके म्हणाले. "आणि पाय कुठून आणायचे?" मलाही ते पटलं. उद्यासाठी काहीतरी राखून ठेवणं भाग होतं.

मैदानाच्या मधल्या भागात मी स्थिर सायकलवर पाय मोकळे करत होते, तेव्हा तो आला. पिवळं जाकीट काढून घेतलेलं. हातात वाटाण्याच्या घट्ट सुपाचा कप आणि त्यावर राय धान्याच्या काळ्या पावाचा तुकडा.

"गरम आहे," तो पुटपुटला.

"मीही गरम आहे. का वाजवलीस?"

त्याने कप माझ्यापुढे धरला.

"वोब्बे, तुझ्यासमोर हा एवढा फलक लावलाय. त्यावर हे एवढे आकडे. एक आला की वाजवायची. एवढंच तर काम होतं!"

"मी फलकाकडे बघत नव्हतो."

"मग कुठे बघत होतास?"

त्याने मान वर केली, आणि देवाशपथ सांगते, उत्तर नसतं दिलं तरी चाललं असतं. "तुझ्याकडे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि त्याच क्षणी ते उत्तर मला आवडलंसुद्धा, म्हणून तर आणखीच राग आला! "एवढ्या वर्षांची मेहनत माझी, आणि तू… तू नुसतं बघत बसलास? ऐक, उद्या माझ्या नजरेला पडू नकोस."

"बरं," तो म्हणाला. सुपाचा कप खाली ठेवला आणि खरंच निघून गेला. वाद करायलाही थांबला नाही. सूप मी प्यायले. उगाच खोटं कशाला सांगू, उत्तम होतं.

रविवारी घंटेपाशी एक निवृत्त गुरुजी उभे होते, फलकावरून डोळा न हलवणारे. पंधराशे मीटरमध्ये त्यांनी अगदी वेळेवर घंटा वाजवली आणि मी… मी मान वर करून फलक तपासला! सगळी लय बिघडली. तरीही नशीब म्हणायचं, एकूण गुणांत केसाएवढ्या फरकाने आठवी आले. जीव भांड्यात पडला, पण बाउकेंचा नाही.

"घंटेला दचकतेस," ते म्हणाले. "पाच हजारमध्ये शेवटच्या फेऱ्यांना डोळ्यांपुढे अंधारी येते, तेव्हा काय करशील? प्रत्येक वळणावर फलक वाचशील? कुणावर तरी विश्वास ठेवावाच लागतो, पोरी."

कुणावर ठेवू? मी हॉलभर नजर फिरवली. केशरी टोप्या, झेंडे, गालांवर रंग. तो लांबलचक मुलगा कुठेच दिसला नाही. मीच हाकललं होतं ना! आता शोधतेय कशाला, मी स्वतःवरच चिडले.

सातवी आणि आठवी यांची जोडी सगळ्यात आधी धावते. बर्फ नुकताच नवा केलेला असतो आणि अर्धे लोक अजून सुपाच्या रांगेत असतात. आमच्या नशिबी रिकाम्या खुर्च्या. बंदूक वाजली, मी निघाले. पहिल्या फेऱ्या शहाण्यासारख्या, पाठ खाली, हात मागे. समोरची मुलगी पुढे होती, मी तिला जाऊ दिलं. मग हळूहळू मांड्या पेटायला लागल्या, कानांत नुसता श्वास, आणि नेहमीची ती अंधारी आली. बाउकेंच्या पाटीवरचे आकडे एकमेकांत मिसळले. चार? तीन? किती उरल्या? आत्ता सुटायचं की थांबायचं? चुकीच्या वेळी सुटले तर कालच्यासारखंच…

ट्रिंग. ट्रिंग. ट्रिंग.

फेरीच्या शेवटच्या वळणावर, वरून कुठून तरी. सायकलची घंटी. अगदी साधी, आमच्याकडे रस्तोरस्ती वाजते तीच. ती अर्ध्या रिकाम्या हॉलमध्ये खणखणीत ऐकू आली.

तीन वेळा. तीन फेऱ्या.

मी वर पाहिलंच नाही. फलकही तपासला नाही. का, ते मला विचारू नका. ज्याने काल माझा घात केला त्याच्यावरच आज विश्वास ठेवला. काल चुकलेला माणूस आज डोळ्यांत तेल घालून मोजणार, हे मला कुठेतरी ठाऊक होतं. मी पुढच्या मुलीच्या मागे लागले.

ट्रिंग. ट्रिंग. दोन.

आता ती हाताच्या अंतरावर होती. दोघी मार्गिका बदलतात त्या अदलाबदलीच्या पट्ट्यावर मी बाहेरून आत आले आणि तिच्या पुढे निघाले. सुपाच्या रांगेतले लोक कप हातात घेऊन जिन्यावर धावत आले.

ट्रिंग.

एकदाच. आणि लगेच, रेषेपाशी, गुरुजींची मोठी घंटा घणघणली. दोघांचं एकमत! मग मी काही मागे ठेवलं नाही. रेषा ओलांडली, आणि हूड काढायच्या आधी अर्धी फेरी तशीच जोरात मारली, न जाणो! सगळा हॉल हसत होता. बाउकेसुद्धा.

उरलेल्या जोड्या धावून होईपर्यंत मी नखं खात बसले. शेवटी फळा थांबला. मी पाचवी. विजेतीच्या गळ्यात हार पडला, तो काही माझा नव्हता, पण बाउकेंनी माझ्या पाठीवर असा धपाटा घातला की मी जवळजवळ पडलेच. "पुढच्या हिवाळ्यात सुट्टी घ्यायचा विचारही करू नकोस," ते म्हणाले. त्यांच्या भाषेत हा हारच.

आत पुरुषांची दहा हजार सुरू झाली होती, म्हणून सायकलतळावर चिटपाखरू नव्हतं. तीच भुरभुर. आणि एका सायकलपुढे वाकून घंटी परत दांड्यावर बसवू पाहणारा लांबलचक मुलगा. स्क्रू काही केल्या सापडत नव्हता त्याला.

"तुला सांगितलं होतं, नजरेला पडू नकोस म्हणून," मी मागून म्हणाले.

तो दचकून उभा राहिला. "पडलो नाही. खांबामागे होतो." मग हळूच म्हणाला, "कानावर पडू नकोस, असं कुठे म्हणाली होतीस?"

"आणि मोजायला चुकला असतास तर?"

"बर्फाकडे एकदाही नीट पाहिलं नाही. सगळा वेळ नुसता फलक." त्याने मान खाली घातली. "सगळे म्हणतात काय सुंदर शर्यत झाली. मी ती पाहिलीच नाही, हिस्के."

मला काय झालं कुणास ठाऊक, डोळे एकदम भरून आले. काल मला बघत राहिला म्हणून मी याला हाकललं. आज माझ्यासाठी याने मला बघितलंसुद्धा नाही!

"हिस्के…" त्याने घंटी मुठीत घट्ट धरली. "आपली ओळख कालची. पण मला तू फार… म्हणजे मी तुझ्या… हे बघ, मी तुझ्या प्रेमात पडलोय." आणि लगेच घाबरला. "लवकर झालं, ना? पुन्हा एक फेरी आधी?"

मी त्याच्या मुठीतून घंटी काढून घेतली, माझ्या जाकिटाच्या खिशात टाकली आणि चेन लावली.

"अगं, घंटीशिवाय मी घरी कसा जाऊ? पोलीस पकडतील."

"मी पुढे चालते, वाजवत. तू मागून ये." मी माझ्या सायकलचं कुलूप काढलं. मग त्याच्याजवळ गेले आणि टाचा उंचावून त्याच्या ओल्या गालावर ओठ टेकले. "आणि वोब्बे… या वेळी बरोबर वेळेवर वाजवलीस."

त्याचे कान पुन्हा लाल झाले. आम्ही कालव्याच्या कडेने निघालो. रस्त्यात कुणीसुद्धा नव्हतं, तरी मी घरापर्यंत घंटी वाजवत राहिले.