शिंपलेश्वराची धार

एकंदर माणसे दोनशे चौदा. त्यांत मठाचे गोसावी एकोणीस आणि खालच्या तीन वाड्यांतून जीव मुठीत धरून वर आलेली बायकामाणसे, म्हातारेकोतारे मिळून एकशे पंचाण्णव. गुरे एकही नाही, ती वेढा पडायच्या आधीच रानात सोडून दिली होती. तांदूळ एकवीस दिवसांचा. बंदुका अकरा, त्यांपैकी चालत्या सात. आणि कातळात खोदलेल्या गोड्या टाक्यात पाणी साठ बोटे.

शेवटचा आकडा कोठारी अच्युतगिरीने दोनदा मोजला. वैशाखातली पहाट होती, मुरडीच्या खाडीवर धुके पसरले होते आणि त्या धुक्यातून सरदार हैबतराव रणपिसे याच्या चार होड्यांच्या डोलकाठ्यांची टोके तेवढी वर दिसत होती. खाडीकडे होड्या, जमिनीकडे सहाशे स्वार-प्यादे, आणि मधल्या टेकाडावर काळ्या दगडाचा तट घालून बसलेला शिंपलेश्वराचा मठ. आत यायला एक दरवाजा होता, आणि बाहेर जायलाही तोच.

अच्युतगिरीने ओली मोजकाठी पुसली आणि टाक्याच्या काठावर बसून हिशोब केला. टाक्यातले एक बोट पाणी म्हणजे चार घागरी. एक घागर म्हणजे दहा तांबे. माणशी रोजचा एक तांब्या धरला, तरी स्वयंपाक आणि सांडलवंड मिळून बावीस घागरी. त्याखेरीज देवाची धार. पिंडीवर टांगलेल्या अभिषेकपात्राच्या तळाला मोहरीएवढे छिद्र होते, त्यातून आठही प्रहर पाण्याची बारीक धार पिंडीवर पडे. मठ स्थापन झाल्यापासून ती तुटलेली नव्हती. तिला रोज अठरा घागरी लागत. बावीस आणि अठरा, चाळीस. म्हणजे दहा बोटे. साठ बोटांना सहा दिवस.

मठात आसऱ्याला आलेल्या देशमुखीण मैनाबाईंचा भाऊ कुमक घेऊन घाट उतरणार होता, तो लवकरात लवकर दहाव्या दिवशी.

महंत दयाळगिरी महाराज सभामंडपात भस्म लावीत बसले होते. वय चौऱ्याहत्तर. अच्युतगिरी समोर येऊन उभा राहिला तेव्हा त्यांनी मान वर केली नाही.

"महाराज, विनंती आहे."

"तुझी विनंती म्हणजे आकडा असणार. बोल."

अच्युतगिरीने आकडे सांगितले. "धार थांबवली तर पाणी जवळजवळ अकरा दिवस पुरतं. कुमक येईपर्यंत निभतं."

"आणि गोमुखाखाली बसलेला तो शिपाई?"

पिंडीवरचे पाणी गाभाऱ्याच्या भिंतीतून पन्हळीने जाऊन तटाबाहेरच्या दगडी गोमुखातून खाली पडे. हैबतरावाजवळ तट फोडील अशी तोफ नव्हती, होती ती फक्त सवड, आणि तीही बेताची. म्हणून त्याने गोमुखाखाली एक माणूस बसवला होता. तो रोज सकाळी तिथे तांब्या धरी आणि तो भरायला किती वेळ लागला ते छावणीत जाऊन सांगे. अख्ख्या मुलखाला ठाऊक होते की मठातले गोसावी स्वतः तहानेने मरतील पण धार तोडणार नाहीत. धार बारीक झाली की समजायचे, मठ सुकला. मग हैबतराव हलणार नव्हता. मैनाबाई आणि त्यांच्याजवळचा देशमुखीचा शिक्का हाती पडेपर्यंत तो बसून राहिला असता.

"खालची बाव आहे," अच्युतगिरी म्हणाला.

तटाच्या आत, चौऱ्याऐंशी पायऱ्या खाली, खाडीच्या अंगाला एक जुनी विहीर होती. भरतीचे पाणी झिरपून ती खारी झाली होती. भांडी आणि फरश्या धुण्यापलीकडे तिचा उपयोग नसे. पाणी मात्र नितळ आणि अमाप.

"देवाला खारं पाणी घालायचं म्हणतोस?"

"पर्वणीला आपण खाडीतच स्नान करतो, महाराज. जे आपल्या अंगाला चालतं..."

"कोठाराच्या किल्ल्या दिल्या तुला, आणि तू वकिली शिकलास." महाराज हसले. मग बराच वेळ त्यांनी गाभाऱ्याकडे पाहिले. "बाहेर कोणी चव घेतली तर?"

"घेणार नाहीत. शिवावरचं पाणी गृहस्थ तोंडाला लावीत नाही. हैबतरावाच्या छावणीत सगळे गृहस्थ. ते तांब्या भरतील आणि ओतून देतील."

"सुरू कर," महाराज म्हणाले.

त्या दिवसापासून आठ गोसावी ओलेत्याने चौऱ्याऐंशी पायऱ्या उतरू-चढू लागले. मैनाबाईंनी वरून ते पाहिले आणि कोठाऱ्याला बोलावून घेतले. पस्तिशीची, तोंडाने फटकळ बाई. नवरा गेल्यापासून देशमुखी एकटीने चालवणारी.

"कोठारीबुवा, एवढा खटाटोप कशाला? मला दरवाज्याबाहेर सोडा. दोनशे माणसांचं पाणी वाचेल."

"आपण एक, बाईसाहेब. आपल्याला सोडून रोजचा एकच तांब्या वाचतो. हिशोबात बसत नाही."

"मेलं, तुमच्या हिशोबात माणूस कधी बसतो का?" त्या म्हणाल्या, पण पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

त्या बोलण्याचा अर्थ अच्युतगिरीला त्याच दुपारी कळला.

माध्यान्हपूजा झाली, सर्वांना पाणी वाटले, आणि महाराजांच्या वाट्याचा तांब्या घेऊन तो त्यांच्या खोलीत गेला. महाराजांसमोर एक तांब्या आधीच भरलेला होता.

"हा कुठला?"

"पन्हळीखालचा."

अच्युतगिरीला मठात राहून बावीस वर्षे झाली होती, आणि साठ बोटांची, अठरा घागरींची बेरीज-वजाबाकी करताना ही एक गोष्ट त्याच्या ध्यानातून साफ निसटली होती. शिंपलेश्वराच्या गादीवर बसणारा देवावरून आलेल्या पाण्याखेरीज दुसरे पाणी घेत नसे. गादीवर बसताना तशी शपथच होती.

"महाराज, हा तांब्या आधी पिंडीवर घालतो. मग घ्या."

"म्हणजे देवाला दिवसभर खारं, आणि माझ्यापुरता एक तांब्या गोड? मग तो अभिषेक देवाला झाला की मला?"

"मला आठवलं नाही."

"मला आठवलं होतं," महाराज शांतपणे म्हणाले. "तुझा हिशोब बरोबर आहे. त्याला हात लावू नकोस."

आता अच्युतगिरीला दोन्हीकडून वाट राहिली नाही. धार गोडी करावी तर सहाव्या दिवशी टाके कोरडे पडणार, खारी ठेवावी तर महाराज जाणार. तो गोड पाण्याचा तांब्या त्याने परत टाक्यात ओतला नाही. खोलीच्या कोनाड्यात ठेवला, वर वाटी झाकली. माणसाचे मन आहे, तहान असह्य झाली की हात जाईल, एवढीच त्याची आशा. दुसऱ्या दिवशी त्याने शेजारी दुसरा तांब्या ठेवला. तिसऱ्या दिवशी तिसरा. महाराज रोज त्यांच्याकडे पाठ करून बसत आणि दिवसभरात पन्हळीखालचा एक तांब्या संपवीत. त्यांच्या ओठांना भेगा पडल्या. जीभ जड झाली. पूजेचे मंत्र ते आता मनात म्हणत.

चौथ्या दिवशी सकाळी तटावरून वाकून खाली पाहताना अच्युतगिरीला दिसले की गोमुखाचा ओठ पांढरा पडला आहे, आणि त्याखालचे शेवाळ तपकिरी होऊन सुकले आहे. पाणी उन्हाने उडून जाते, मीठ मागे राहते. हे लहान मुलालाही ठाऊक. त्याने धारेचा वेग सांभाळला होता, मागे उरणाऱ्या मिठाचा विचारच केला नव्हता. त्याने धावत जाऊन ते महाराजांना सांगितले.

"पांढरंच ना?" महाराज घोगऱ्या आवाजात म्हणाले. "आजपासून पिंडीला रोज पाच वेळा भस्म लावा."

पाचव्या दिवशी, सूर्य दोन हात वर आला असताना, हैबतरावाचा वकील अंताजीपंत पांढरे निशाण घेऊन दरवाज्याशी आला. स्थूल देह, तोंडात पान, डोळे मात्र सावध. त्याला आत घेतले.

मठाचा रिवाज होता की पाहुण्याच्या पायांवर पाणी घालायचे. अच्युतगिरीने गोड्या टाक्यातली एक पूर्ण घागर आणवली आणि तांब्याने नव्हे, घागरच तिरपी करून पंतांच्या पायांवर ओतली. पंतांनी ओंजळ धरून चूळ भरली, तोंड धुतले, मानेवर पाणी मारले. दहा माणसांचे दिवसाचे पाणी फरशीवरून वाहत गेले. खांबाआडून बघणाऱ्या बायका निश्चल उभ्या होत्या. एकीनेही ओठांवरून जीभ फिरवली नाही.

"पाणी थंडगार आहे हो तुमचं," पंत म्हणाले.

"देवाची कृपा," अच्युतगिरी म्हणाला.

मंडपात महाराज व्याघ्रचर्मावर ताठ बसले होते. पंतांनी दंडवत घातला आणि धन्याचा निरोप अदबीने सांगितला: मैनाबाईंना शिक्क्यासह स्वाधीन करावे, मठाच्या इनामाला हात लागणार नाही.

दाराआडून मैनाबाईंचा आवाज आला. "पंत, शिक्का माझ्या कमरेला आहे. धन्याला म्हणावं, न्यायला या, पण देवळात येता तेव्हा चपला बाहेर काढा."

पंत मिशीत हसले. मग महाराजांकडे वळून सावकाश म्हणाले, "स्वामी, एक शंका आहे. गोमुखाच्या ओठाला पांढरं धरलंय."

"भस्म," महाराज म्हणाले.

"भस्म खारट नसतं."

"चाटून पाहिलंत?"

"शिव शिव! शिवावरचं पाणी, आणि मी चाटीन?"

"मग खारट आहे हे कसं समजलं?"

खांबांआड कोणीतरी फिस्सकन हसले. पंतांचे कान लाल झाले. "शंका माझी नव्हे, सरदारांची. ती फिटल्याखेरीज मला परत जाता येत नाही. आम्हा गृहस्थांना ते वर्ज्य, पण आपण संन्यासी. आपण घ्यावं, मी पाहीन."

कोठारी पुढे झाला. "मी घेतो."

"नाही," पंत म्हणाले. "स्वामींनी."

महाराज उठले. उठताना त्यांनी खांबाला हात लावला, तेवढाच. गाभाऱ्यात जाऊन त्यांनी पन्हळीखाली तांब्या धरला. तो भरेपर्यंत एक विडा चघळून झाला असता, तेवढा वेळ कोणी हलले नाही. मग ते बाहेर आले, पंतांच्या समोर दोन हातांच्या अंतरावर बसले आणि पिऊ लागले.

घाईने नाही. एक घोट, मग थांबून पंतांच्या घरची खुशाली. दुसरा घोट, मग हैबतरावांच्या मातोश्रींचे गुडघे कसे आहेत ही चौकशी. पंतांची नजर त्यांच्या गळ्याच्या घाटीवर खिळली होती. घाटी प्रत्येक घोटाला वर जाई आणि खाली येई, एकदाही अडखळली नाही. अच्युतगिरी मनात घोट मोजत होता. एकोणिसाव्या घोटाला तांब्या रिकामा झाला. महाराजांनी तो पालथा करून दाखवला.

"आणखी घेऊ?"

पंत उठले आणि त्यांनी पुन्हा दंडवत घातला. या खेपेला कपाळ फरशीला बराच वेळ टेकलेले होते. "नको, स्वामी. शंका फिटली."

दरवाजा बंद झाल्याचा आवाज आला तेव्हा महाराज अजून ताठच बसले होते. अडसर पडला, आणि मग ते एका कुशीवर कलंडले. त्यांना उलट्या झाल्या, त्या दुपारपर्यंत थांबल्या नाहीत. अच्युतगिरीने कोनाड्यातला तांब्या त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी दात मिटून घेतले.

सहाव्या दिवशी ते एकदाच बोलले. "धार?"

"चालू आहे, महाराज."

सातव्या दिवशी फटफटत असताना तटावरचा पहारेकरी ओरडला. छावणीतले तंबू उतरत होते. मठात पाणी भरपूर आहे असे पंतांनी शपथेवर सांगितले होते, आणि इथे बसून घाटातली वाट मोकळी सोडणे हैबतरावाला परवडणारे नव्हते. होड्यांची शिडे चढली. गोमुखाखालचा शिपाई शेवटचा उठून गेला.

अच्युतगिरीने थांबून पाहिले नाही. टाक्यातून गोड पाण्याच्या दोन घागरी भरून तो गाभाऱ्यात धावला आणि अभिषेकपात्रात ओतू लागला. वरचे गोड पाणी खालच्या खाऱ्यात मिसळून उतरायला वेळ लागणार होता. तो पन्हळीखाली बोट धरून चाखत राहिला. खारट. खारट. मचूळ. बाहेर लोक हसत-रडत होते, मैनाबाई कोणाला तरी दरवाज्यापासून मागे हटा म्हणून दटावीत होत्या. मचूळ. मग एकदाची चव गेली, नुसते पाणी लागले. त्याने तांब्या भरला आणि तो सांडू न देता खोलीपर्यंत नेला.

"महाराज, देवावरचं आहे. गोड आहे."

त्याने ते पाणी ओठांवर सोडले. ते भेगांमधून हनुवटीवर आले आणि तिथून गळ्यातल्या रुद्राक्षांवर पडले. छाती हलत नव्हती.

दुपारी महाराजांना मंदिरामागे समाधी दिली. संध्याकाळी माणसे आपापल्या वाड्यांकडे उतरली, ती दरवाज्यात उभे राहून अच्युतगिरीने मोजली: एकशे पंचाण्णव. मठात गोसावी अठरा.

दरवाजा उघडल्यापासून माणसांचे आणि धारेचेही पाणी खालच्या वाड्यांच्या विहिरींवरून आले होते. मग त्याने मोजकाठी घेतली. टाक्यात पाणी सव्वासव्वीस बोटे होते. महाराजांच्या खोलीतल्या कोनाड्यात तांबे सहा. पहिल्या दिवसाचा उन्हाच्या झळीने अर्धे बोट उतरला होता, मधले त्याहून कमी, सहावा काठोकाठ भरलेला.