मणी भाजल्याचा आवाज

हे खरं घडलंय. माझ्याच बाबतीत घडलंय.

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता. मी सिनेमाच्या शूटिंगला आवाज रेकॉर्ड करते. सतरा वर्षं झाली. जिवाचा कान करून ऐकणं हाच माझा धंदा. त्यामुळे "तुला भास झाला असेल" असं मला कुणी सांगू नये.

मागच्या पावसाळ्यातला मंगळवार. दुपारचे तीन वाजायला दहा मिनिटं कमी.

जागा म्हणजे एक बंद पडलेलं टेलिफोन एक्सचेंज. दुसरा मजला. जाड भिंती, बुजवलेल्या खिडक्या. पण अंधार नव्हता. चार मोठे दिवे लागलेले आणि खोलीत बावीस माणसं.

तरीही ते आले...

आणि माझ्यासाठी आले नाहीत. भीतीपेक्षा मला तेच जास्त लागलं.

ते म्हणजे आमचे सर. आवाजाचं काम मी त्यांच्याकडे शिकले. बारा वर्षं त्यांचा बूम, म्हणजे माईक लावलेली लांब काठी, या हातांनी धरला. मग सरांकडे शिकायला ती आली. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. सरांनी मला थोरली म्हणायला सुरुवात केली आणि तिला धाकटी. त्याआधी मी नुसती मी होते. थोरली व्हायला मला कुणी विचारलं नव्हतं.

सरांकडे एकच माईक होता. जुना, रंग उडालेला. लोक मोठमोठ्या पेट्या घेऊन यायचे, सर एक डबा घेऊन यायचे. म्हणायचे, "महागडा माईक लांब असेल तर बहिरा. साधा माईक जवळ असेल तर राजा." आणि तो माईक ते तळहाताच्या फोडासारखा जपायचे. काम संपलं की रेकॉर्डरची बॅटरी काढायची. केबल तिच्या वळणाने गुंडाळायची, कोपरावर कधीच नाही. आणि माईक डब्यात, सिलिकाच्या मण्यांसोबत.

हे मणी हवेतली ओल शोषतात. कोरडे असले की निळे, ओल प्यायले की गुलाबी. गुलाबी झाले की लोखंडी कढईत मंद आचेवर भाजायचे, पुन्हा निळे होईपर्यंत. चांगला तास जातो.

बारा वर्षं ते मणी मी भाजले. सरांनी कधी कढईला हात लावला नाही.

सर गेले. जायच्या आधी आठवडाभर त्यांनी आम्हा दोघींना बोलावलं. डबा उशाशी होता. त्यांनी तो उचलला... आणि धाकटीच्या हातात दिला.

माझ्याकडे बघून म्हणाले, "थोरलीकडे आहे की सगळं."

काय होतं माझ्याकडे? बारा वर्षांची पाठदुखी.

मला हेवा वाटला. उगाच गोड शब्द कशाला वापरू? जळले मी. घरी येऊन जेवले नाही. नंतर मी नवा माईक घेतला, सरांच्या माईकपेक्षा दसपट भारी. पण दिग्दर्शक तिलाच विचारायचे, "तो सरांचा माईक आणशील ना?"

मग तो मोठा सिनेमा आला. तिच्याकडे.

शूटिंगच्या दहा दिवस आधी धाकटी माझ्या घरी आली. भिजलेली, हातात मण्यांची पिशवी.

"ताई, एवढे भाजून देशील? माझा गॅस संपलाय आणि सगळे गुलाबी झालेत."

"ठेव तिथे. उद्या ने."

"तुझ्यासारखे मला भाजता येत नाहीत गं. माझे करपतात."

ती गेली. मी कढई काढली. गॅस पेटवला... आणि बंद केला.

तिचे ओले मणी तसेच तिच्या पिशवीत भरले. वर माझे निळे मूठभर पसरले. बस, एवढंच केलं मी. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन गेली आणि जाताना माझ्या गळ्यात पडली.

ओले मणी बंद डब्यात ठेवले की ते ओल शोषत नाहीत, उलट सोडतात. आठ-दहा दिवस पावसाळी हवेत माईक त्यांच्यासोबत राहिला. शूटिंगच्या पहिल्याच दिवशी तो चरचरायला लागला. प्रत्येक टेकला चर्र... चर्र... अर्धा दिवस वाया गेला. दिग्दर्शकाने सगळ्यांसमोर तिला झापलं आणि घरी पाठवलं.

जाताना तीच म्हणाली म्हणे, "माझ्या ताईला बोलवा. तिच्यासारखं कुणी नाही."

मी गेले. नवा माईक घेऊन, ताठ मानेने.

आता तो मंगळवार.

सीन संपला. मी हात वर केला. "रूम टोन! एक मिनिट कुणी हलायचं नाही."

प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. ती मिनिटभर रेकॉर्ड करून ठेवावी लागते, नाहीतर संवाद जोडताना मधले सांधे कळतात. त्या मिनिटात सगळं युनिट पुतळ्यासारखं उभं राहतं. खोकलासुद्धा गिळतात.

मी हेडफोन नीट केला. दिव्यांची बारीक गुणगुण. लांब कुठेतरी पाऊस.

दहा सेकंद... वीस सेकंद...

मग दिव्यांची गुणगुण गेली.

दिवे समोर चालू होते. पण त्यांचा आवाज नव्हता. पावसाचा नव्हता. माझ्या श्वासाचाही नव्हता.

आणि त्या रिकाम्या जागेत...

खळ्... खळ्... खळ्...

लोखंडावर काहीतरी बारीक, गोल फिरत होतं. संथ. एका लयीत.

बारा वर्षं तो आवाज मी काढलाय. मला ओळखायला क्षणही लागला नाही. कढईत मणी भाजले जात होते. अगदी माईकजवळ.

मग कुणीतरी घसा खाकरला.

"धाकटे... मणी झाले बघ."

सर.

मी कसंबसं "कट" म्हटलं. सगळे हलले, बोलले, कुणीतरी हसलं. कुणाला काहीच जाणवलं नव्हतं. मी ते मिनिट परत लावून ऐकलं. दिवे होते, पाऊस होता. बाकी काही नाही.

रात्री पडल्या पडल्या मला रडू आलं. भीतीने नाही. मेलेला माणूस मणी भाजायला परत येतो, आणि तेही तिच्यासाठी? मला बारा वर्षांत पाण्याचा पेला दिला नाही कधी.

बुधवारी पुन्हा तेच. गुरुवारीही. मिनिट सुरू झालं की आधी सगळे आवाज जायचे. मग खळ्... खळ्... आणि शेवटी तेच शब्द. "धाकटे, मणी झाले बघ." आवाजात चीड नव्हती, माझ्यावर राग नव्हता. माझं तिथे असणंच नव्हतं. चिडले असते तर परवडलं असतं.

शुक्रवारी माझा तोल सुटला. रेकॉर्डरला एक छोटा माईक असतो, सीनचा नंबर बोलायला. त्याचं बटण दाबून मी भर शांततेत बोलले,

"सर... मी आहे. थोरली."

बावीस माणसं माझ्याकडे बघायला लागली.

कानातली कढई थांबली.

एक सेकंद... दोन... पाच... कुणीतरी ऐकत होतं. मान वळवून ऐकत होतं, असं मला अगदी आत जाणवलं. मी जीव मुठीत धरून वाट पाहिली. एकदा नाव घ्या माझं. फक्त एकदा.

खळ्... खळ्... खळ्...

पुन्हा सुरू झालं. कामात असलेल्या माणसाने दारावरचं टकटक ऐकावं आणि न ऐकल्यासारखं करावं, तसं.

दिग्दर्शक जवळ आला. "बरं नाही का तुम्हाला? थोडं बसा."

रविवारी सुट्टी होती. सकाळीच मी धाकटीकडे गेले. सगळं कबूल करायचं ठरवूनच गेले होते, खोटं कशाला सांगू. मण्यांचंही आणि सरांचंही.

दार उघडलं तर तिच्या गळ्यात हेडफोन. समोर टेबलावर सरांचा माईक, डबा उघडा.

"बस ना ताई. काम नाही, म्हणून आपली ऐकत बसते."

"काय?"

"काही नाही. रिकामी खोली." ती ओशाळली. "सर गेल्यापासून रोज तासभर बसते. वाटतं, या माईकमध्ये तरी कधी ऐकू येतील."

मी डब्याकडे पाहिलं. मणी निळे होते. नुसते वरचे नाही. तिने डबा तिरका केला तसे सगळे घरंगळले. तळापर्यंत गडद निळे.

"कधी भाजलेस?" मी विचारलं.

"मी कुठे भाजले? गॅस अजून आणलाच नाही. तूच दिलेस ना भाजून! मधे गुलाबी झाल्यासारखे वाटले होते. पण मंगळवारी बघते तर असे." ती हसली. "तुझा हात लागला की असंच होतं."

मंगळवारी. कढई मी पहिल्यांदा ऐकली, त्याच दिवशी.

"धाकटे," मी म्हटलं, "सर येतात. सेटवर. रूम टोनमध्ये."

तिचं हसू गेलं. तिने मला वेड्यात काढलं नाही. आणि मग तिच्या डोळ्यांत जे आलं ते मी लगेच ओळखलं. रोज आरशात बघत होते मी ते.

"तुझ्याकडे?" ती म्हणाली. "तुझ्याकडे आले? मी आठ महिने इथे बसलेय ताई. डबा माझ्याकडे आहे. माझ्याकडे का नाही आले?"

मी डब्यावर झाकण ठेवलं.

"काय म्हणाले?"

खरं एका वाक्यात सांगता आलं असतं. तुला हाक मारतात, तुझे मणी भाजतात. एवढ्यावर ती जन्मभर सुखी झाली असती.

पण सर गेल्यापासून पहिल्यांदाच ती माझ्यावर जळत होती. आणि मला... बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं.

"म्हणाले," मी म्हटलं, "'थोरले... तूच माझी खरी.'"

ती उठली आणि आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ.

मण्यांचं मी काहीच बोलले नाही.

सोमवारी सेटवर रूम टोन घेतला. हेडफोनमध्ये दिवे होते, पाऊस होता. कढई नव्हती. सर नव्हते. मंगळवारीही नव्हते. सिनेमा संपला, लोकांनी आवाजाचं कौतुक केलं.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या सिनेमावर गेले. दुसरी जागा, दुसरी माणसं. सकाळचे अकरा. मी हात वर केला आणि सगळे स्तब्ध झाले.

वीस सेकंद...

सगळे आवाज गेले.

मी डोळे मिटले.

"थोरले... तूच माझी खरी."

क्षणभर, अगदी क्षणभर, मला इतका आनंद झाला की काय सांगू.

मग मी तो आवाज ओळखला. आवाज ओळखण्यातच माझी सतरा वर्षं गेलीत.

तो सरांचा नव्हता.

तो माझा होता. त्या रविवारी बोलले होते तसाच, मधेच थोडा अडखळून.

तेव्हापासून प्रत्येक रूम टोनमध्ये तो येतो. माईक बदलला, हेडफोन बदलला, रेकॉर्डरही बदलला. कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. कान उत्तम आहेत म्हणतात.

परवा धाकटीचा फोन आला होता. काम मिळतंय म्हणाली, बारीकसारीक. इकडचं तिकडचं बोलली. मग हळूच म्हणाली,

"ताई... अजून येतात का गं सर तुझ्याकडे?"

मी "हो" म्हटलं.