सातव्या वर्षीचा अंगठा

“मूर्ती माही नाही! अन् घरचे म्हणतात, म्हातारी भ्रमली,” नागपुरात सदरमधल्या त्या ऑफिसात पाऊल टाकताच अंजनाबाईंनी सांगून टाकलं.

खासगी गुप्तहेर नंदिनीने त्यांना बसवलं. सोबतच्या नातवाने, रोशनने, मातीची बुद्धमूर्ती आणि तिचा लाकडी पाट टेबलावर ठेवला. नंदिनीचा सहायक केशव भिंग शोधू लागला.

छप्पन्न साली नागपुरात दीक्षा घेऊन कुहीला परतल्यावर अंजनाबाईंच्या वडिलांनी धानाच्या बांधीतल्या मातीची मूर्ती घडवली. ओल्या बैठकीखाली सात वर्षांच्या लेकीचा अंगठा निशाणी म्हणून उमटवला. मूर्ती भाजून झाल्यावर पाटात नेमकी तिच्या मापाची खाच कोरली. उद्या गावच्या नव्या विहारात अंजनाबाईंच्याच हातून ती बसायची होती.

“दिवाळीनंतर इथल्या कृष्णकांत मूर्तिकाराकडे रंगवायले दिली, काल तीच आणली,” रोशन म्हणाला. “पाट तं घरीच होता. आता विहारवाले म्हणतात, आजीचं डोकं ठिकाणावर नाही, दुसऱ्याच्या हातून बसवू.”

“तुलेच तं पितळेची पाहिजे होती!” आजी कडाडली. रोशनने मान खाली घातली.

केशवने मूर्ती उलटवून बैठकीखाली भिंग लावलं. इवलासा अंगठा, त्यावर आडवा व्रण. अंजनाबाईंच्या अंगठ्यावरही विळ्याचा तोच व्रण होता. बाकी रेषा धानाच्या रोवण्यात झिजून गेलेल्या. रेशनचं मशीनही तो अंगठा घेत नसे.

“फिंगरप्रिंट तोच, मग मूर्ती तीच!” केशव खूश झाला.

नंदिनीने मूर्ती खाचेत ठेवली. ती डगडगली.

“पहिले गच्च बसे वं,” अंजनाबाई म्हणाल्या.

कृष्णकांतचा कारखाना मागच्याच गल्लीत होता. मूर्ती, पाट आणि भिंग घेऊन सगळे तिथे गेले.

“मी फक्त रंग देतो, मॅडम. मातीले हात लावणं कधीचं सोडलं,” कृष्णकांत म्हणाला. अंगणातल्या भट्टीत नंदिनीने काडी फिरवली. राख ताजी होती.

“रोशनला मूर्ती बदलायचीच असती, तर पितळेची आणली असती. अंगठ्यासकट हुबेहूब मातीची कशाला?” नंदिनी म्हणाली. “साचा घेतला की अंगठाही उतरतो, केशव. पण ओली माती वाळताना, भाजताना आकसते. साच्यातली मूर्ती मूळ मूर्तीपेक्षा जराशी लहान होते. पाट तुम्ही पाहिलाच नव्हता, कृष्णकांतजी. आणि नुसता रंग देणाऱ्याची भट्टी पेटते कशाला?”

कृष्णकांत उठून आत गेला. आतून पांढऱ्या कापडात गुंडाळलेली मूर्ती घेऊन आला.

“विकायसाठी नाही ठेवली, आजी. जन्मभर मूर्त्या घडवल्या, पण असा चेहरा हातून उतरला नाही. सोडवली नाही मले.”

सारे मूर्तीच्या त्या मिटत्या डोळ्यांकडे पाहत राहिले. केशवच्या लेखी फिंगरप्रिंट म्हणजे चोराचा माग, फार तर मोबाइलचं कुलूप. रेशनच्या दुकानात तोच माणसाचा दाखला. इथे एका बापाने तो मातीत जपला होता, आणि लेकीच्या बोटावरून पुसला गेला तरी तो तिथे होता. केशवने भिंग रोशनच्या हाती दिलं.

रोशनने भिंगातून पाहिलं. “आजे, तुह्या रेषा इथं आहेत वं!” त्याने मूर्ती खाचेत बसवून पाट हलवला. मूर्ती जागची हलली नाही. “चुकलं माहं. उद्या तूच बसवजो.”

अंजनाबाईंनी डोळे पुसले. मग हात जोडून उभ्या असलेल्या कृष्णकांतकडे वळल्या.

“उद्या कुहीले ये गा. तिथं पोटभर पाहजो.”