गोड्या पाण्यातली देवी

मे महिन्यात लखनौला लू सुटली, की ओला टॉवेल चहा होईतो कडक होतो. म्हणूनच सकाळी जुन्या वस्तू जतन करण्याच्या प्रयोगशाळेतला टब रिकामा पाहून नयनाने आधी घड्याळ बघितलं.

मालवणजवळ बुडालेल्या जुन्या गलबताच्या नाळेवरची, म्हणजे पुढच्या टोकावरची, लाकडी देवी त्या टबात ठेवलेली होती. शतकभर पाण्यात मुरलेलं लाकूड ते. दिवसभर कोरडं राहिलं, तर तडकून त्याचा भुगा होणार होता. आणि चोरी कळवूनही पोलीस पंचनाम्याला उद्याच येणार होते.

तिने लखनौजवळच्या बख्शी का तालाबहून लक्ष्मीकांत सबनीसांना बोलावून घेतलं. हवाई दलाच्या तपास शाखेतून निवृत्त झालेले सबनीस आता खाजगी तपास करत. वडिलांचे मित्र, म्हणून ती त्यांना काका म्हणे.

कूलरसाठी खिडकी उघडीच असायची. आत कोणीही येऊ शकलं असतं. काका खिडकीखालच्या फरशीवर वाकले. तिथे सांडलेलं पाणी वाळून पांढरट कड उरली होती. त्यांनी बोट फिरवून जिभेला लावलं.

"टबात पाणी कसलं होतं?"

"गोडं, शुद्ध केलेलं. महिनोन्‌महिने बदलतोय. समुद्राचा क्षार निघाल्याशिवाय लाकूड वाळवता येत नाही. ती कड फरशी पुसायच्या पावडरची असेल, काका."

काकांनी बोट रुमालाला पुसलं.

पहिला संशय सहकारी सुबोधवर होता. लुटीचा माल आपण स्वच्छ करून देतो, मग उद्या प्रत्येक पाणबुड्या काहीतरी उचलून आणणार, असं तो उघड भांडला होता. आता मात्र तो वैतागला. "त्या पाण्याचं खारेपण रोज मीच मोजतो. आता कुठे शून्याजवळ आलंय. ती मेहनत मी मातीत घालीन?"

मग आदेश. लखनौतल्याच कपूरथला बाजारात त्याचं जुन्या वस्तूंचं दुकान. पाणबुड्याकडून घेतलेली देवी जप्त झाली, तेव्हापासून तो कोर्टात भांडत होता. "मॅडम, भिगो-भिगोकर आपने सड़ा दी होगी," तो म्हणाला. "मिल जाए तो सुखाकर, पॉलिश करके ड्रॉइंग रूम में रखूँगा."

राहिला तो पाणबुड्या, जगदीश. साक्षीसाठी आलेला तो चारबाग स्टेशनजवळच्या लॉजवर उतरला होता. काल नयनाने टब दाखवला, तेव्हा त्याने पाणी कुठलं ते विचारलं होतं आणि गोडं आहे हे ऐकून मान फिरवली होती. एवढंच तिने वाटेत सांगितलं. काका रिक्षावाल्याला म्हणाले, "भैया, ज़रा जल्दी."

जगदीशची पिशवी बांधलेली होती. मुंबईची गाडी संध्याकाळी होती.

"ती कड मिठाची होती," काका शांतपणे म्हणाले. "टबातलं पाणी गोडं, म्हणजे खारं पाणी चोराने बरोबर आणलं. आदेशने देवी कोरडीच फडक्यात गुंडाळली असती. पाण्याने लाकूड सडतं असं तो मानतो. सुबोध तिला मिठाजवळही नेणार नाही. समुद्रातली वस्तू खाऱ्या पाण्यातच जगते, असं फक्त तिला समुद्रात पाहिलेल्या माणसाला वाटेल."

जगदीशने न्हाणीघराचं दार ढकललं. झाकणाच्या बादलीत, मिठाच्या पाण्यात देवी होती. ओली. नयनाने गुडघे टेकून लाकूड चाचपलं. एकही चीर नव्हती. महिन्यांची मेहनत फुकट गेली होती, पण देवी शाबूत होती.

"बुडलेल्यांच्या हाडांमधसून उचललंय मी तिका," जगदीश म्हणाला. "दुसरी वस्तू काढूक माझो सख्खो भाव गेलो, विजय. तो वर इलोच नाय. तिका परत दर्यात ठेवतलंय."

नयनाने त्याला सांगितलं, की देवी वाळूत गाडलेली होती म्हणून टिकली. आता नुसती ठेवली तर किडे खातील, नाहीतर दुसरा कोणी उचलेल. मग तिने न राहवून विचारलं, "जागा सांगा. सरकारी पहारा बसवता येईल. जागेशिवाय ही मुकी आहे हो, कुठलं गलबत तेही कळत नाही."

"थय माझो भाव आसा," तो म्हणाला. "जागा कळली काय आणखी कोण तरी उतरतलोच."

नयनाला आठवलं, दुकानात आदेशनेही जाता जाता तीच जागा विचारली होती, तिच्यापेक्षा गोड आवाजात.

तिने बादली उचलायला घेतली. ती जागची हलेना. जगदीशने वाकून कडीची दुसरी बाजू धरली.

"हळू," तो म्हणाला. "पाणी सांडात."